सुधीर, दाढ नव्हती ती

सुधीर,

तुझ्या बायकोने तुझी बातमी सांगितली तेव्हा मी तिला 'थँक यू व्हेरी मच' म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. तू असतास तर आठवडाभर हसला असतास आणि घरी येईल त्या प्रत्येकाला ऐकवलं असतंस.

रविवारची दुपार होती. तळमजल्यावरचे कांबळे स्वतः जिना चढून वर आले. एरवी तुझा फोन आला की ते खालूनच हाक मारतात, "ओ दादा, स्पेन!" आणि अख्ख्या बिल्डिंगला कळतं की आता मी पायजम्यावर धावत खाली येणार. त्या दिवशी ते दारात उभे राहिले, चपला काढल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, जरा खाली येता का? स्पेनच्या वहिनींचा फोन आहे." मला तिथेच कळायला हवं होतं. फोनचा निरोप द्यायला कोणी चपला काढतं का?

पिलार रडत होती. तिचं इंग्रजी तोडकं, माझं कचेरीतलं. तुझं नाव, 'हार्ट', 'मॉर्निंग' आणि 'फिनिश', एवढंच मला समजलं. आणि मी, आयुष्यभर साहेबाचे फोन घेतलेला माणूस, सवयीने म्हणालो, "ओके. ओके. थँक यू व्हेरी मच." फोन जागेवर ठेवला, नीट, वायरीचा पीळसुद्धा सोडवला. कांबळ्यांच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे धरला. तो घ्यायला हात केला आणि तेव्हा पाय गेले.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहू का? दुःख नंतर आलं. आधी भीती आली. इतकी की मी कांबळ्यांच्या सतरंजीवर बसल्या बसल्या स्वतःची नाडी शोधत होतो.

आपल्या घरातले पुरुष म्हातारे होत नाहीत हे तुलाही ठाऊक होतं. आजोबांचा फोटो बघ, काळ्या केसांचा. अण्णांचा बघ, मिशी काळीभोर. अण्णा सकाळी "पित्त झालंय" म्हणाले, सोडा प्यायले, डबा घेऊन कचेरीत गेले आणि तिथल्या जिन्यात बसले ते बसलेच. त्यांच्यानंतर मोठा मी. नंबर माझा होता, सुधीर. तू रांग मोडलीस. लहानपणी नळावर मोडायचास तशीच. आणि आता पुढे बघतो तर माझ्या आणि रांगेच्या टोकाच्या खिडकीच्या मध्ये कोणीच उभं नाही.

तेराव्या दिवशी नलूने, तुझ्या वहिनीने, ताटं उचलता उचलता सांगितलं, "मुंबईच्या हॉस्पिटलात तुमचं नाव घातलंय. हृदयाची तपासणी. फिरत्या पट्ट्यावर चालवतात म्हणे." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तुला माहीत आहे ती कशी बघते ते.

तर गोष्ट एवढीच आहे. ती तपासणी करायची की नाही. बाकी सगळी माझी बडबड.

*

मी घाबरट आहे हे काही गुपित नाही. तू तिकडे लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवायचास आणि तुझा सख्खा भाऊ जन्मात लिफ्टमध्ये चढला नाही, हे तू तिथल्या लोकांना कौतुकाने सांगायचास म्हणे. नव्या मुंबईत फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हाही मी महिनाभर झोपलो नव्हतो. खाडीच्या पलीकडे! तेव्हा वाशीत होतं काय, चिखल, डास, सिडकोच्या पिवळ्या इमारती आणि संध्याकाळी कोल्हेकुई. मला वाटायचं, भरतीला खाडी वर येईल आणि आपण पहिल्या मजल्यावरून वाहून जाऊ. तू पत्रात लिहिलंस, "दादा, दुसऱ्या मजल्यावर घे." घेतला. आता गळतीची भीती वाटते.

तू नेमका उलटा. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून स्पेनला गेलास तो राहिलास. ज्या गावाचं नाव इथे कोणाला घेता येईना, त्या गावात. आपण सारागोसा म्हणायचो आणि तू म्हणायचास, "तिथले लोक थारागोथा म्हणतात." आई म्हणायची, "बोबडे आहेत का रे सगळे?" तिथे रात्री दहाला जेवतात, दुपारी दुकानं बंद करून झोपतात, हे ऐकून ती काळजीत पडली होती. "मग हा कामाला उठतो कधी?" तू तिला समजावायचास, की आमटीत नारळाऐवजी बदाम वाटून घालतो, चव तीच येते. ती तुझ्याशी "हो का, छान" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसायची. पोराला नारळ मिळत नाही, बदाम खातोय, याचं तिला कोण दुःख! तिथल्या बाजारात खारवलेला मासा टांगलेला असतो, त्याच्याजवळ उभं राहिलं की डोळे मिटून इथल्या दिवाळे गावाच्या बंदरावर आल्यासारखं वाटतं, असंही लिहिलं होतंस. ते मी आपल्या मासेवाल्या हिराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग तिकरंच रव म्हनावं, वास तर सारकाच हाय."

आणि तुझे ते उद्योग. माणसं परदेशात जाऊन गाडी घेतात, घर घेतात. तू पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून गॅलरीत वाऱ्यावर फिरणारं चक्र बसवलंस. तुमच्याकडे उत्तरेकडून तो थंड वारा येतो, सिएर्थो, माणसाला वाकवतो म्हणे, तर त्याचा वेग मोजायचा. कशाला? तर मोजायचा. शेजारीण समजली की हा परदेशी माणूस कबुतरं पकडतोय, आणि तुझ्या दारात भांडायला आली. शेवटी तीच रोज सकाळी विचारायला लागली, आज किती? मग टीव्हीला जोडायचा तो छोटा कॉम्प्युटर घेतलास. मासिकातून अख्खा प्रोग्राम बोटाने टाइप करत बसायचास, पानंच्या पानं, आणि एक स्वल्पविराम चुकला की सगळं मुसळ केरात. पिलार वैतागून झोपायला जायची. वाऱ्याचा आलेख पडद्यावर उमटला तेव्हा तू इथे ट्रंक कॉल करून सांगितलंस. त्या पैशांत इथे महिन्याचा किराणा आला असता, असं मी म्हटलं. तू म्हणालास, "दादा, रेघ हलते रे! वारा हलला की रेघ हलते!"

त्याच कॉम्प्युटरने आईचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता. आठवतं? तू पत्रं कमी लिहायचास, कॅसेट भरून पाठवायचास. ती आली की आम्ही टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून बसायचो, कांबळे सहकुटुंब यायचे, नलू कांदाभजी करायची. एकदा कॅसेट लावली. "आई" ऐकू येईल म्हणून सगळे कान लावून बसलेले, आणि आतून किंचाळी. नुसतीच नाही, चिरकी, थरथरती, थांबेचना. मध्येच गुरगुर, परत किंचाळी. आईने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "वसंता, त्याला काहीतरी झालंय. तो ओरडतोय." कांबळे म्हणाले, "आई, मशीन बिघडली असंल." आई म्हणाली, "माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही का?" मग खाली जाऊन कॉल बुक केला आणि लागेपर्यंत सगळे कांबळ्यांच्या खोलीत बसून राहिलो. भजी वर थंड झाली. फोन लागला तर तू जेवत होतास. तोंडात घास घेऊन म्हणालास, "अरेच्चा, मग माझा वाऱ्याचा प्रोग्राम तिकडे आला वाटतं!" कॉम्प्युटर त्याचे प्रोग्राम कॅसेटवरच ठेवतो, आणि ते ऐकायचे नसतात, हे आम्हाला कोण सांगणार? इकडे आई रडत होती, तिकडे तू हसत होतास, आणि कांबळे मला विचारत होते, "दादा, म्हनजे तो वाऱ्याचा आवाज होता का?"

नंतर आपण सगळेच हसलो. पण त्या किंचाळीची भीती माझ्या अंगातून पूर्ण कधी गेली नाही. तू बरा आहेस हे कळल्यावरसुद्धा.

*

मागच्या दिवाळीला तू आलास तेव्हा बॅगेतून निघालं ते नवं यंत्र. कपड्यांचा लाकडी चिमटा, त्यात बारीकसा दिवा, वायरी, आणि साबणाच्या डबीत बसवलेला स्पीकर. बोटाला चिमटा लावला की नाडीच्या ठोक्याला टिक वाजायचं. स्वतः बनवलंस याचा तुला केवढा अभिमान! फराळाला आलेल्या प्रत्येकाच्या बोटाला लावलास. कांबळ्यांच्या धाकटीचं चिमणीसारखं टिकटिक, आईचं सावकाश, लंगडं. हिराबाई मासे द्यायला आली तर तिला पाटी उतरवायला लावून बसवलीस. तिने टिकटिक ऐकली आणि हात झटकला. "यो माजं कालीज वाजतंय? मंग त्याला भायेर कशाला कारलाव? आत हाय तेच बरं हाय!"

मी तिच्या बाजूचा. पण तू मला सोडणार थोडाच? "दादा, बोट दे." "नको." "बोट दे म्हणतोय." सगळ्यांसमोर किती नाही म्हणणार? दिलं. टिक, टिक, टिक. आणि मग काहीच नाही. मग एकदम दोन. मग टिक, टिक, आणि परत काहीच नाही.

खोलीतलं बोलणं थांबलं नाही, आईचं लक्ष नव्हतं. तू चटकन चिमटा काढलास. "बॅटरी उतरली," म्हणालास. मग आईच्या आग्रहावरून स्वतःच्या बोटाला लावलास तर त्याच बॅटरीवर टिक, टिक, टिक, घड्याळासारखं. आई म्हणाली, "माझा सुधीर खणखणीत आहे." तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर भांडण काढलंस. मी पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला गेलो होतो, तू मागून आलास.

"दादा, एकदा तपासून घे."

"बॅटरी उतरली होती ना?"

"चेष्टा नको. ठोके चुकतायत तुझे. बहुतेक काही नसेल. पण बघून घ्यायला काय जातं?"

"बघितलं की सापडतं, सुधीर. अण्णांनी बघितलं नाही म्हणून इतकी वर्षं सुखात काढली."

"आणि बघितलं असतं तर अजून काढली असती! तू ना दादा, दार लावून घेतलं की वाघ गेला म्हणणारा माणूस आहेस. अरे, मोजलं की भीती जाते. आकडा कळला की करता येतं काहीतरी."

"तुझा वारा मोजून कमी झाला का?"

यावर तू टाकीचं झाकण घट्ट बसवायला लागलास. मी जिंकलो असं मला वाटलं. आयुष्यात तुझ्याशी वाद घालून मी बहुधा तेवढा एकदाच जिंकलो, आणि केव्हा जिंकलो बघ. खाली आलो तर नलूने विचारलं, "कशावरून भांडत होतात?" तू म्हणालास, "पाण्याच्या टाकीवरून."

तो वाद तसाच राहिला. विमानतळावर तू मला मिठी मारलीस तेव्हा कानात काहीतरी म्हणालास. गर्दीत ऐकू आलं नाही. मी 'हो, हो' म्हटलं. तू काय म्हणालास आणि मी कशाला हो म्हटलं, ते आता कोणाला विचारू?

*

तुझ्यानंतर मी चालताना माझेच ठोके ऐकायला लागलो. डेपोपासून घरापर्यंतच्या रस्त्यात मध्येच थांबतो, खिशात काहीतरी शोधल्यासारखं करतो, आणि आत काय चाललंय ते ऐकतो. भाजीवाली विचारते, "काका, काय हरवलं?" कुशीवर झोपलो की उशीत धडधड ऐकू येते म्हणून उताणा झोपतो, उताणा झोपलो की अण्णा आठवतात. आई माझ्याकडे बघते ते मला दिसतं. तिने बातमी ऐकल्यावर एकच विचारलं होतं, "त्याला कळलं का रे?" आणि मी म्हणालो, "नाही आई, झोपेतच." मला काही माहीत नव्हतं. तेव्हापासून ती बोलायचीच थांबलीय. दुपारी मी जरा आडवा झालो तरी येऊन पायाला हात लावून बघते. गरम आहे की नाही.

तपासणीच्या दिवशी नलू आणि मी बसमध्ये बसलो. खाडीच्या पुलावर मी नेहमी आतल्या बाजूची सीट धरतो, पाणी दिसू नये म्हणून. त्या दिवशी पाणी दिसलंच नाही, मला सगळीकडे तो पट्टाच दिसत होता. चालायचं, पोचायचं कुठेच नाही, आणि बाजूला एक माणूस कागदावर लिहिणार की तुमचं संपत आलंय. मानखुर्द आलं आणि मी गालाला हात लावून कण्हलो.

"काय झालं?"

"दाढ."

"कोणती?"

मी डावीकडे दाखवलं. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मघाशी उजवा गाल धरला होतात."

"पसरलीय. सगळीकडे पसरलीय. असह्य होतंय, नलू. असं दुखत असताना हृदय काय तपासणार? चुकीचं येईल सगळं."

उतरलो, उलटी बस धरली. नलूने परतीची तिकिटं काढली. पण तीसुद्धा काही कच्ची नाही. वाशीला उतरल्यावर घराकडे न वळता तिने मला सरळ सेक्टरातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. डॉक्टर तरुण मुलगा, नवाच दवाखाना, मी बहुधा त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. त्याने आरसा घालून बघितलं. "काका, एका दाढेला बारीकशी कीड आहे. भरून टाकू. एवढं दुखायचं कारण नाही खरं तर."

नलू माझ्याकडे बघत होती. तेव्हा, सुधीर, मी माझी लाज राखायला म्हणालो, "भरू नका. काढूनच टाका."

"अहो पण चांगली आहे ती..."

"काढा म्हणतोय ना!"

काढली. इंजेक्शन, चिमटा, घाम. हृदय तपासायला लागू नये म्हणून मी माझी धडधाकट दाढ देऊन आलो. हा उद्योग आपल्या घराण्यात दुसऱ्या कोणी केला नसेल.

तोंडात कापसाचा बोळा घेऊन घरी येतोय तर जिन्याशीच कांबळे. "दादा, वहिनींचा फोन. पाच मिनिटांनी परत करते म्हनाल्यात." मी खुणेनेच सांगितलं की बोलता येत नाही. ते म्हणाले, "ऐकून तर घ्या. त्यांना बोलायचंय."

ऐकून घेतलं. पिलार या वेळी रडत नव्हती. सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होती, म्हणून मला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं. ती म्हणाली, दादा, मला तुम्हाला सांगायचं राहिलं. आधी काही दिवस तो म्हणत होता की दाढ दुखते. जबडा दुखायचा. मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणे दाढच आहे, लवंग दे. मी लवंगा आणून दिल्या. आईकडून आलेल्या डब्यातल्या संपल्या म्हणून बाजारातून आणल्या. दाढेखाली लवंग धरून कामाला जायचा. गॅलरीतलं चक्र बंद पडलं होतं तेसुद्धा दुरुस्त केलं नाही. नंतर इथल्या डॉक्टरने सांगितलं, ती दाढ नव्हती. कधी कधी हृदयाचं दुखणं तिथे येतं.

मग ती थांबली आणि म्हणाली, "दादा, त्याला माहीत होतं. तो घाबरला होता. मला दिसत होतं आणि मी लवंगा आणल्या."

मला तिला म्हणायचं होतं की तुझी चूक नाही. मला म्हणायचं होतं की आम्ही सगळे असेच आहोत. तोंडात बोळा. "ऊं, ऊं," एवढंच करत राहिलो. ती म्हणाली, "रडू नका, दादा." मी रडत नव्हतो. मी थंड पडलो होतो.

तू, सुधीर? तू? वारा मोजणारा, रेघ हलते म्हणून फोन करणारा, माझ्या बोटाला चिमटा लावणारा? मी इतकी वर्षं समजत होतो की घरातली सगळी भीती माझ्या वाट्याला आली आणि सगळी छाती तुझ्या. तू मात्र तिकडे हजारो मैलांवर, लवंग चघळत, मी मानखुर्दला मारली तीच थाप मारत होतास. शब्दसुद्धा तोच. तुला कोणी शिकवली नाही, मला कोणी शिकवली नाही. अण्णांचं पित्त, तुझी दाढ, माझी दाढ. तुझा राग आला, खूप आला. गच्चीवर मला वाघाच्या गोष्टी सांगत होतास! आणि त्याच क्षणी तू मला जितका जवळचा वाटलास तितका गेल्या कित्येक वर्षांत वाटला नव्हतास.

वर आलो. बोळा काढला, रक्त थुंकलं, आणि नलूला म्हटलं, "पुन्हा नाव घाल."

आई देवापाशी वाती वळत होती. तिच्याकडे न बघता तिला सगळं सांगितलं. झोपेत वगैरे नाही, आधी दुखत होतं, त्याने सांगितलं नाही. वाती वळणारे हात थांबले नाहीत. सगळ्या वळून झाल्यावर ती म्हणाली, "मी येणार."

"आई, तू कशाला? एवढा प्रवास, तिथे गर्दी..."

"मागच्या दोन्ही वेळा मला कोणी नेलं नाही," आई म्हणाली. "कळलं तेव्हा सगळं झालेलं. या वेळी मी आधीपासून येणार."

*

या वेळी बसमध्ये नलू कडेला, मी मधे, आई खिडकीशी. पूल आला तेव्हा आईने खिडकीतून खाडीला हात जोडले. मला पळून जायचं होतं. हे तुला खोटं सांगणार नाही. मानखुर्दला पाय उठलेही होते. पण दोन्हीकडून दोघी बसल्या होत्या आणि आईने माझ्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं, जत्रेत धरतात तसं.

हॉस्पिटलात एक छोटी खोली. पट्टा, समोर टीव्हीसारखा पडदा, भिंतीला ऑक्सिजनची नळकांडी, ती बघूनच माझं अर्धं अवसान गेलं. छातीवर थंडगार वस्तू चिकटवल्या, वायरी लावल्या. तुला बघायला आवडलं असतं. तू तिथल्या डॉक्टरला प्रश्न विचारून भंडावलं असतंस. सिस्टर केरळची होती, आईला म्हणाली, "आजी, बाहर बैठो." आईला हिंदी नीट येत नाही. ती मराठीतच म्हणाली, "बाहेरच बसत आलेय, बाई." आणि तिथलं स्टूल ओढून पडद्याशी बसली. सिस्टरला काय कळलं कोण जाणे, तिने पुन्हा सांगितलं नाही.

"चलिए काका. आराम से. कुछ तकलीफ हो तो बोलना," डॉक्टर म्हणाला.

पट्टा सुरू झाला. आधी देवळात जाताना चालतो तसा. मग बस पकडताना चालतो तसा. मग डॉक्टरने तो वर उचलला, चढ केला. डॉक्टर पडद्याकडे बघत होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे. तिथे काहीच नव्हतं. मग हळूच सुरू झालं. आधी छातीत, मग खांद्यापाशी, गळ्याशी, मग खाली, जबड्याच्या हाडात, नुकती दाढ काढली होती त्याच्याही मागे कुठेतरी. मला वाटलं जखमच असेल. मला वाटलं गॅस असेल, सकाळी पोहे खाल्लेत. मी एकेक कारण धरून बघत होतो आणि पट्टा चालत होता. बोललो नाही तर थोड्या वेळात संपेल. हे सगळं पुसलं जाईल, घरी जाऊ, कोणालाच काही कळणार नाही. मला घरी जायचं होतं रे. मला इतकं घरी जायचं होतं.

डॉक्टर म्हणाला, "एनी पेन?"

मी मान हलवली. नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आई उठून पट्ट्याच्या दांडीपाशी येऊन उभी राहिली. मी चालतोय आणि ती खालून माझ्याकडे बघतेय. इतक्या जवळून तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं मला आठवत नाही. तिने दांडी घट्ट धरली होती. तीही घाबरली होती, सुधीर. माझ्याइतकीच.

"वसंता," ती म्हणाली, "दुखतंय का रे?"

"हो," मी म्हणालो. "दुखतंय, आई. छातीत."

डॉक्टरने पटकन बटण दाबलं. सिस्टर धावली, कोणीतरी मला खांद्याला धरलं, जिभेखाली गोळी ठेवली, आडवे व्हा म्हणाले. पट्टा मंद होत होत थांबला. तो थांबल्यावर मी घाबरून खाली बघितलं, तर माझे दोन्ही पाय त्याच्यावर होते, आणि मी उभा होतो.